वर्गातलं चालू चित्र पालकांच्या फोनवर नको : आपल्या बालवाडीला एक खुलं पत्र

विश्वस्त मंडळी, मोठ्या ताई आणि दोन्ही गटांच्या पालकांना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या पालकसभेत ठरलं की जूनपासून बालवाडीत कॅमेरे लावायचे आणि पालकांना घरून, ऑफिसातून, आपापल्या फोनवर वर्ग दिसेल अशी सोय करायची. त्याचं कोटेशन मी द्यावं असं अध्यक्षकाकांनी सांगितलं. दांडिया बाजारात माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे, अठरा वर्षं हेच काम करतोय, आणि माझी मुलगी यंदा लहान गटात आहे. काम मिळालं तर माझा फायदाच आहे. तरीही कोटेशनच्या आधी हे पत्र पाठवतोय. सगळ्यांनी वाचावं असं पाठवतोय, कारण हा निर्णय अठ्ठेचाळीस घरांचा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कॅमेरे लावा. रेकॉर्डिंगही ठेवा. पण वर्गातलं चालू चित्र कोणाच्याही फोनवर जाऊ देऊ नका. माझ्याही नाही.

ही मागणी कुठून आली हे मला चांगलं कळतं. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात नाव उलटली आणि सहलीला गेलेली बारा मुलं आणि दोन शिक्षिका परत आल्या नाहीत. त्या रात्री बडोद्यात किती घरांत ताटं वाढून तशीच राहिली असतील. तेव्हापासून मुलीला फाटकात सोडून मागे वळताना माझाही पाय अडखळतो. सभेत ज्या आई म्हणाल्या, ‘मला ती दिसत राहिली की जिवाला बरं वाटेल’, त्यांना मी कोणत्या तोंडानं चूक म्हणू? पण हरणीला कमी पडली ती लाइफ जॅकेटं, आणि ‘बस, आता नावेत आणखी कोणी बसायचं नाही’ असं म्हणणारा माणूस. आपल्या बालवाडीतही मूल सुखरूप राहतं ते डोकी मोजणाऱ्या माणसामुळे. घसरगुंडीजवळ उभ्या असलेल्या मावशींमुळे, ओळख पटल्याशिवाय मूल हाती न देणाऱ्या ताईंमुळे. कॅमेऱ्याचा उपयोग त्यांच्या मागे आहे, त्यांच्या जागी नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका पाळणाघरात मी स्वतः हीच सोय करून दिली होती. नाव सांगणार नाही, ती माणसं चांगली होती. पहिला आठवडाभर सगळे खूश. कोणी ऑफिसात जेवताना मुलाला बघायचं, कोणाची आजी पुण्याहून बघायची. मलाही बरं वाटायचं की आपण लोकांच्या कामी आलो.

मग फोन सुरू झाले. ‘तो कोपऱ्यात एकटा का बसलाय?’ ‘तिनं डबा संपवलेला दिसत नाही.’ ‘ताई दोन मिनिटं झाली, दिसत का नाहीत?’ वर्गात दोन ताई आणि वीस मुलं. फोन घ्यायला एक ताई बाहेर गेली की वीस मुलांवर एकच माणूस उरायचा. म्हणजे मुलं जास्त सुरक्षित व्हावीत म्हणून लावलेल्या कॅमेऱ्यानं वर्गातला एक मोठा माणूस कमी केला. मी महिन्यातून एकदा तिथं देखभालीला जायचो. तिसऱ्या महिन्यात गेलो तेव्हा पाण्याचं टब उलटं करून ठेवलेलं होतं, वाळूवर ताडपत्री होती, आणि मुलं सतरंजीवर रांगेत बसली होती. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, ‘भाऊ, रांगेत बसलेली दिसली की फोन येत नाहीत.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या मुलखात मुलांना मोकळेपणानं खेळत शिकू द्यावं म्हणून गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, जिथं आपल्या ताराबाई मोडक त्यांच्या कामात जाऊन मिळाल्या, तिथं शंभर वर्षांनी मुलं पुन्हा हाताची घडी घालून बसायला लागली, आणि ती माझ्या तारेमुळे. आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मानव विकास विभागाची चेतन बालवाडी आहे. मुलं कशी खेळतात, कशी भांडतात, कशी शिकतात हे विद्यार्थ्यांनी तिथं बघून शिकायचं असतं. मुलाकडे बघणं हीसुद्धा शिकावी लागणारी गोष्ट आहे. मीटिंगच्या मधल्या दोन मिनिटांत फोन उघडून ती येत नाही. मला तरी येत नाही.

त्या पाळणाघरात पुढे जे झालं ते सांगायला मला जड जातं. तीन वर्षांचा एक मुलगा दुसऱ्याच्या दंडाला चावला. या वयाची मुलं चावतात. सांगायला शब्द पुरत नाहीत तेव्हा दात पुढे येतात. ताईंनी दोघांना लांब केलं, दंडावर गार पाण्याचं फडकं धरलं, आणि दहा मिनिटांत दोघंही एकाच ठोकळ्यांच्या ढिगात डोकं घालून बसले होते. एवढ्यावर संपायचं. पण कुणीतरी फोनवर ते बघत होतं. त्यांनी पडद्यावरचं चित्र दुसऱ्या फोननं टिपलं आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते सोसायटीच्या ग्रुपवर गेलं, तिथून नातेवाइकांत. आठ दिवसांनी त्या मुलाची आई माझ्या दुकानात आली. मुलाचं नाव त्यांनी पाळणाघरातून काढलं होतं. काउंटरवर हात ठेवून एवढंच विचारलं, ‘भाऊ, ते कुठूनतरी पुसता येईल का?’

रेकॉर्डर माझ्या हातात होता. त्यातलं मी पुसलंही असतं. बाकीच्या फोनांचं मी काय करणार होतो?

तेव्हापासून ही सोय मी कुठल्याही बालवाडीत केलेली नाही.

आता जरा कामाचं बोलतो, कारण सभेत बऱ्याच जणांचा समज असा दिसला की फोनवर आपलं मूल समोर बसल्यासारखं दिसेल. तसं दिसत नाही. वर्गात आपण लावतो तो साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, २.८ मिलिमीटरची लेन्स, कोपऱ्यात नऊ फूट उंचीवर. अशा रुंद लेन्सनं अख्खी खोली चित्रात येते, पण ते चित्र १९२० ठिपके (पिक्सेल) रुंद असतं आणि त्याच ठिपक्यांत सगळं बसवायचं असतं. मूल वीस फूट लांब असेल तर त्याच्या चेहऱ्याच्या वाट्याला पंधराच्या आसपास ठिपके येतात. शिवाय फोनवर हे पूर्ण चित्र जातच नाही; नेट पुरावं म्हणून रेकॉर्डर हलकं चित्र पाठवतो, बहुतेक वेळा ६४० ठिपक्यांचं. त्यात चेहरा उरतो पाच ठिपक्यांचा. पाच ठिपक्यांत मूल हसतंय की रडतंय हे मला अठरा वर्षांच्या सवयीनंही ओळखता येत नाही. दिसते ती फक्त बसायची ढब. मान खाली घालून बसलेलं मूल मणी ओवत असतं, आणि आई तिकडे डोळे पुसत असते. त्यात चित्र काही सेकंद मागे असतं, मधेच गोठतं. गोठलेल्या चित्रातलं मूल तर जास्तच एकटं दिसतं.

दुसरी गोष्ट स्पष्टच लिहितो, कारण सभेत ती कुणी काढली नाही. तीन वर्षांच्या मुलांची शू होते, कधी शीही होते. आपल्याकडे मावशी कपडे बदलतात ते वर्गातल्याच मागच्या कोपऱ्यात, कारण बाथरूमची फरशी ओली असते. म्हणजे अठ्ठेचाळीस घरांच्या फोनांवर, आणि त्या फोनांतून पुढे कुठंकुठं, आपल्या मुली आणि मुलं उघडी दिसणार. कोपरा झाकायची सोय कॅमेऱ्यात असते, चित्राच्या त्या भागावर काळी पट्टी मारता येते. पण मूल काळ्या पट्टीत उभं राहत नाही. अर्धी चड्डी घेऊन पळतं.

आणि हे चित्र फक्त पालकांपर्यंतच राहील याची खात्री कोण देणार? मी देऊ शकत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतल्या चित्रफिती यूट्यूब आणि टेलिग्रामवर निघाल्या. आपल्याच राज्यात. त्याच्याही आधी, २०१६ साली, मिराई नावाच्या एका प्रोग्रामनं जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्याला कुलूप फोडावं लागलं नाही. कारखान्यातून येताना जो पासवर्ड असतो तोच लोकांनी तसाच ठेवलेला होता, तो एकेक करून घालून बघितला की झालं. हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही एकदोन ठिकाणी पासवर्ड तसाच ठेवून आलोय, कारण मालक म्हणायचे, ‘सोपा ठेवा, विसरायला होतं.’ पुढे एकेका गिऱ्हाइकाकडे परत जाऊन ते बदलले. पैसे मागितले नाहीत.

पालकांना दाखवायचं म्हटलं की अडचण आणखी वाढते. बाजारातल्या स्वस्त रेकॉर्डरवर चाळीस-पन्नास वेगळी खाती नीट चालत नाहीत. मग आम्ही कारागीर काय करतो, तर एकच खातं उघडतो आणि तोच पासवर्ड सगळ्यांना देतो. आई बाबांना पाठवते, बाबा आत्याला, आत्या आजीला. मार्चमध्ये मूल शाळा सोडून जातं तरी पासवर्ड तोच राहतो, आणि ज्यांचं मूल आता इथं नाही ते लोकही आपल्या मुलांना बघू शकतात. नेटचा हिशोबही बघा. एका फोनला अर्धा एमबीपीएस (नेटचा वेग) धरला आणि सकाळी साडेदहाला चाळीस जणांनी एकदम उघडलं तर वीस एमबीपीएस नुसतं अपलोड लागतं. ते झेपत नाही म्हणून चित्र कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवतात. तो सर्व्हर कोणाचा, कुठं, त्यावर काय साठतं, हे पालकांना कोणी सांगत नाही. सांगणार कोण, कारागिरालाच ठाऊक नसतं.

घरी हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा माझी बायको माझ्यावर चिडली. ती नर्स आहे, सकाळी सातला ड्युटीवर जाते. म्हणाली, ‘तुमचं दुकान जवळ आहे, तुम्ही बाराला जाऊन तिला घेऊन येता. मला दिवसभरात ती दिसतच नाही. मी दोन मिनिटं बघितली तर कोणाचं काय जाणार आहे?’ मी गप्प बसलो. तिचं बघणं कोणाला त्रास देणारं नाही, हे मला माहीत आहे. पण खिडकी एकटीसाठी उघडता येत नाही. ती आपल्या मुलीला बघेल तेव्हा बाकीची तेवीस मुलंही तिच्या फोनवर असतील, आणि त्या तेवीस घरांपैकी एखाद्या आईला ते नको असेल. आमचं यावर अजून पूर्ण जमलेलं नाही. पण तिनंच एक सुचवलं: तिला चित्र नकोय, तिला खबर हवीय. साडेदहाला ताईंनी एवढं सांगावं की रडणं थांबलं, डबा खाल्ला. ताईंना हे जमेल का ते ताईंनीच सांगावं. लिहायला वेळ नसेल तर मावशींनी मुलाच्या नावापुढे एक खूण करून त्या कागदाचा फोटो पाठवला तरी चालेल. कागदावर मुलांचे चेहरे नसतात.

माझा आराखडा असा आहे. चार कॅमेरे: एक फाटकावर, एक घसरगुंडीच्या अंगणात, दोन्ही वर्गांत एकेक. बाथरूमकडे एकही नको. कपडे बदलायच्या कोपऱ्याला आधी पडदा लावू, मग कॅमेऱ्याचं तोंड ठरवू. आवाज रेकॉर्ड करायचा नाही. ताई आपसात चार शब्द बोलतात, एखादी आई दारात रडून काही सांगते, ते डिस्कमध्ये कशाला? रेकॉर्डर मोठ्या ताईंच्या कपाटात, कुलुपात. तो इंटरनेटला जोडायचाच नाही, ऑफिसच्या वायफायशीही त्याचा संबंध नको. लाइट गेली तर छोटा यूपीएस. एप्रिल २०२५ पासून सरकारनं कॅमेऱ्यांना सुरक्षेची एसटीक्यूसी चाचणी बंधनकारक केली आहे, ती झालेलाच माल घेऊ; जुना स्वस्तातला मला नको आणि तुम्हीही मागू नका. दोन एमबीपीएसनं एक कॅमेरा तासाला ९०० एमबी जागा खातो, म्हणजे चार कॅमेरे, रोज चार तास शाळा, साडेचौदा जीबी. एक टीबीच्या डिस्कवर महिना आरामात राहतो. महिन्यानंतर आपोआप पुसलं जावं.

कोणाला शंका आली, मूल घरी आल्यावर काही बोललं, अंगावर ओरखडा दिसला, तर त्याच दिवशी शाळेत यायचं. मोठ्या ताई, पालकांचा एक प्रतिनिधी आणि ते आई-वडील, तिघांनी मिळून तेवढा वेळ बघायचा आणि कोणी, कधी, का बघितलं ते वहीत लिहायचं. आणि देव न करो, शंका तशा गंभीर प्रकाराची असेल तर आपण कमिटी बसवून बघत राहायचं नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्या वेळी माझं काम एवढंच की ते रेकॉर्डिंग पुसलं जाणार नाही असं बाजूला काढून ठेवणं. कॅमेऱ्याचा खरा उपयोग इथं आहे, आणि म्हणूनच मी कॅमेऱ्यांच्या विरोधात नाही.

जूनमध्ये नवी मुलं येतात, पहिले पंधरा दिवस रडारड असते. तेव्हा व्हरांड्यात बाक टाका आणि ज्यांना थांबायचं त्यांना थांबू द्या. ऑफिसच्या खोलीत एक मॉनिटर मी लावून देतो, नुसता तारेनं जोडलेला, अंगणाचं चालू चित्र दाखवणारा. ज्याला बघायचं असेल त्यानं यावं, बसावं, बघावं. फोन बाहेर ठेवून. मॉनिटर माझ्याकडून, दुकानात एक चांगला पडून आहे.

कायद्याबद्दल दोनच शब्द, मी वकील नाही. दिल्ली सरकारनं सरकारी शाळांच्या वर्गांत कॅमेरे लावून पालकांना फोनवर दाखवायचं ठरवलं तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि न्यायालयानं २०१९ मध्ये स्थगिती दिली नाही. म्हणजे असं करायला सरसकट बंदी आहे असं मी म्हणत नाही. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती खात्री करून घ्यायला सांगितलं आहे. शाळांना आणि पाळणाघरांना मुलांच्या सुरक्षेपुरती काही मोकळीक आहे. पुण्याच्या आजीला चित्र दाखवणं त्या मोकळिकीत बसवता येईल असं मला वाटत नाही. विश्वस्तांनी सही करण्याआधी एखाद्या जाणकार वकिलाला नक्की विचारावं.

एवढं वाचूनही बहुसंख्य पालकांना फोनवर हवंच असेल, तर निदान इतकं पाळा. प्रत्येक पालकाला वेगळं खातं आणि ओटीपी. फक्त अंगण, वर्ग नाही. दिवसातून एकदा, ठरलेली पंधरा मिनिटं. पडद्यावर बघणाऱ्याचा मोबाइल नंबर उमटलेला, म्हणजे चित्र पुढे गेलंच तर कोणाकडून गेलं ते कळेल. आणि प्रत्येक घराची लेखी संमती, ताईंची आणि मावशींचीही. एका घरानं नाही म्हटलं तर त्या गटाचं चालू चित्र बंद. अशी सोय करणारे लोक शहरात आहेत, त्यांची माहिती मी देईन. ते काम मात्र मी घेणार नाही. अशा सोयीला जे दरमहा भाडं जातं त्या पैशात आणखी एका मावशींचा अर्धा पगार निघतो, तेही मंडळानं कागदावर मांडून बघावं.

ताईंना मात्र आधी विचारा. सभेत त्या मागे उभ्या होत्या आणि कोणी त्यांना एक शब्द विचारला नाही. दिवसभर त्यांच्यावर अठ्ठेचाळीस घरांची नजर राहणार आहे.

शनिवारी चार वाजता सभा आहे. मी एक कॅमेरा, रेकॉर्डर आणि फोन घेऊन साडेतीनलाच येतो. लहान गटाच्या खोलीत कॅमेरा नऊ फुटांवर टांगू, माझ्या मुलीला वीस फुटांवर मणी ओवायला बसवू, आणि ज्यांना वाटतं फोनवर मूल दिसेल त्यांनी दारात उभं राहून फोनवर बघावं, मग आत जाऊन तिच्याजवळ बसून बघावं. त्यानंतर मत द्या.

आपला,
लहान गटातला एक पालक
दांडिया बाजार, बडोदे